नाव तुमचं, पण कोणाच्या नावावर?

पत्र

सप्रेम नमस्कार.

आम्ही दोघी बहिणी लहान मुलांसाठी लाकडी खेळणी बनवतो आणि आमच्या वेबसाइटवरून विकतो. सहा वर्षं झाली. सुरुवातीला ओळखीतल्या एका मुलाने साइट उभी करून दिली, डॉट कॉमचं डोमेनही त्यानेच घेतलं. दर वर्षी तो पैसे सांगतो, आम्ही पाठवतो. आजवर कधी अडचण आली नाही.

गेल्या महिन्यात एका गृहस्थांचा फोन आला. नातीसाठी त्यांनी आमचा घोडा मागवला होता, पैसे भरले होते, घोडा आलाच नाही. आमच्याकडे त्यांची ऑर्डरच नव्हती. त्यांनी पाठवलेली लिंक उघडली तर नाव आमचंच, फक्त दोन शब्दांच्या मध्ये एक डॅश आणि शेवटी डॉट कॉमऐवजी डॉट शॉप. फोटो सगळे आमचे. एका फोटोत घोड्याला रंग देताना माझ्या बहिणीचा हातसुद्धा दिसतो. ते पाहून ती रात्रभर झोपली नाही.

त्यातच एक ईमेल आलं: दुसरी एक कंपनी तुमच्या नावाची बरीच डोमेन नोंदवायला निघाली आहे, तुम्हाला हवी असतील तर सात दिवसांत कळवा. आता काय करू? मिळतील तेवढी सगळी डोमेन घेऊन टाकू? वकील करू? की हे नावच सोडून नवं घेऊ?

– एक वाचक

उत्तर

ताई,

नाव सोडू नका. सहा वर्षं खपून उभं केलेलं नाव कुणा लबाडाने डॅश घालून उचललं म्हणून टाकून दिलंत, तर उद्या नव्या नावातही डॅश घालता येतोच. सगळी डोमेन घ्यायलाही धावू नका. त्या ईमेलला उत्तर तर मुळीच देऊ नका, त्याबद्दल पुढे सांगते. आणि बहिणीला सांगा, ज्या फोटोने तिची झोप उडवली तोच या प्रकरणात तुमच्या सगळ्यात जास्त कामाला येणार आहे.

पण तुमचं पत्र वाचताना मी त्या बनावट साइटच्या आधीच एका वाक्यापाशी थांबले. ‘डोमेनही त्यानेच घेतलं.’ कोणाच्या नावावर घेतलं, ताई? हे तुम्ही लिहिलेलं नाही आणि मला वाटतं तुम्हाला ते माहीतही नसावं. बाहेरच्या चोरापेक्षा मला याची काळजी जास्त वाटते.

डोमेन ‘विकत घेतलं’ असं आपण म्हणतो, पण ते मुदतीवर मिळालेलं असतं. डॉट कॉम एका वेळी कमीत कमी एक आणि जास्तीत जास्त दहा वर्षांसाठी नोंदवता येतं. ज्या कंपनीकडे नोंदणी होते ती रजिस्ट्रार आणि ज्याच्या नावावर होते तो रजिस्ट्रंट. पुढे कधी वाद झाला, मालकी बदलायची वेळ आली, खातं बंद पडलं, तर पहिल्यांदा पाहिलं जातं ते रजिस्ट्रंटच्या रकान्यातलं नाव. दर वर्षी पैसे कोण भरतं आणि खेळणी कोण बनवतं, याची तिथे कुठेच नोंद नसते.

माझ्या परिचयातल्या एका भाषांतरकार बाईंची गोष्ट सांगते. त्यांचं डोमेन त्यांच्याकडच्या एका जुन्या कर्मचाऱ्याने स्वतःच्या ईमेलवरून नोंदवलं होतं. त्यात वाईट हेतू काहीच नव्हता, त्या दिवशी तोच कॉम्प्युटरसमोर बसला होता इतकंच. तो नोकरी सोडून गेला, त्याचं ते ईमेल बंद पडलं, कार्डाची मुदत संपली. नूतनीकरणाच्या सूचना येत राहिल्या, पण कुणी उघडत नसलेल्या पेटीत. एका सोमवारी साइट गेली आणि तिच्याबरोबर कार्यालयातले सगळे ईमेल पत्तेही गेले. बाई मला म्हणाल्या, “अकरा वर्षांचे ग्राहक आहेत आणि त्यांना कळवायचं कसं तेच समजत नाहीये.” रजिस्ट्रारला त्या फोन करत होत्या आणि समोरून एकच उत्तर येत होतं: खातं तुमच्या नावावर नाही. त्या कर्मचाऱ्याला शोधून काढेपर्यंत नऊ दिवस गेले.

असं मोठ्यांचंही होतं. १९९९ च्या डिसेंबरमध्ये मायक्रोसॉफ्टकडून पासपोर्ट डॉट कॉम या डोमेनचं नूतनीकरण राहून गेलं. हॉटमेलचं लॉगिन त्यावरून चालायचं, त्यामुळे ऐन नाताळात अनेकांना आपली पत्रं उघडता येईनात. शेवटी कंपनीशी काही संबंध नसलेल्या एका प्रोग्रॅमरने स्वतःच्या कार्डावरून ३५ डॉलर भरले आणि गाडी रुळावर आली. तो भला माणूस होता. प्रत्येकाच्या वाट्याला तसा येईलच असं नाही.

म्हणून पहिलं काम. आयकॅन, म्हणजे डोमेन नावांची जगभरातली व्यवस्था पाहणारी संस्था, तिच्या साइटवर ‘लुकअप’ नावाची सोय आहे. तिथे तुमचं नाव टाका. रजिस्ट्रार कोण, मुदत कधी संपते, हस्तांतराचं कुलूप, म्हणजे डोमेन परस्पर दुसरीकडे हलवता येऊ नये यासाठीची सोय, लागलेलं आहे का, एवढं लगेच दिसेल. मालकाचं नाव बहुधा झाकलेलं असेल, कारण २०१८ मध्ये युरोपचा खासगी माहितीचा कायदा लागू झाल्यापासून बहुतेक रजिस्ट्रार ते दाखवत नाहीत. मग त्या मुलालाच विचारा.

विचारताना संशयाचा सूर नको. सहा वर्षं त्याने न चुकता काम केलं आहे. ‘आता हे आमच्या नावावर करून घेऊया, तुझ्या डोक्यावरचंही एक ओझं कमी होईल’ असं म्हणा. तुम्ही त्याच रजिस्ट्रारकडे स्वतःचं खातं उघडा आणि त्याला डोमेन त्या खात्यात सरकवायला सांगा. रजिस्ट्रार बदलायचा असेल तर ऑथ कोड, म्हणजे डोमेन हलवण्यासाठीचा गुप्त परवली शब्द, लागेल, तो त्याच्या खात्यातून मिळतो. एक लक्षात ठेवा: रजिस्ट्रार बदलल्यावर पुढचे ६० दिवस सहसा पुन्हा बदलता येत नाही, तेव्हा आधी नीट निवडा. नोंदणीत संपर्काचं ईमेल मात्र त्याच डोमेनवरचं देऊ नका. डोमेन बंद पडलं की ते ईमेलही बंद पडतं आणि सुटकेची किल्ली आतच राहते. दुसरीकडचं द्या, आणि तुम्हा दोघी बहिणींना उघडता येईल असं द्या. दोन टप्प्यांचं लॉगिन चालू करा, हस्तांतराचं कुलूप लावा. १९९५ मध्ये एका माणसाने एक बनावट पत्र पाठवून दुसऱ्याचं फार मोलाचं डोमेन स्वतःच्या नावावर करून घेतलं होतं. मूळ मालकाला कोर्टात जावं लागलं आणि ते परत मिळायला पाच वर्षं गेली. त्या काळी अशी कुलपं नव्हती. आज आहेत आणि बहुतेक ठिकाणी फुकट आहेत.

मुदत संपल्यावर काय होतं तेही एकदा समजून घ्या, कारण ‘एक दिवस उशीर झाला, गेलं’ अशी भीती अनेकांना असते. डॉट कॉमच्या बाबतीत मुदतीच्या सुमारे महिनाभर आधी आणि आठवडाभर आधी सूचना पाठवणं रजिस्ट्रारला बंधनकारक आहे. मुदत उलटल्यावरही बहुतेक रजिस्ट्रार काही दिवसांची सवलत देतात, जास्तीत जास्त ४५ दिवसांपर्यंत. त्यानंतर ३० दिवस असे, की जास्तीचा आकार भरून नाव सोडवता येतं. मग ५ दिवस काहीच करता येत नाही आणि त्यानंतर ते कुणालाही घेता येतं. पण त्या सवलतीवर विसंबू नका. चांगलं नाव असेल तर अनेक रजिस्ट्रार मधल्याच काळात त्याचा लिलाव मांडतात. नूतनीकरण आपोआप होईल अशी सोय करा, आणि शक्य असेल तर एकदम बरीच वर्षं भरून टाका.

आता तो बनावट पत्ता.

आधी पुरावा. त्या साइटचं एकेक पान, वरचा पत्ता आणि तारीख दिसेल असं टिपून ठेवा. त्या गृहस्थांकडून पैसे भरल्याची पावती आणि त्यांना आलेला मेसेज मागून घ्या. हे सगळं तक्रार करण्याआधी करा, कारण तक्रार पोचली की साइट गायब होते आणि हातात काही उरत नाही.

मग तीन ठिकाणी एकदमच लिहा. पहिलं, ज्या कंपनीच्या सर्व्हरवर ती साइट ठेवली आहे तिच्याकडे फोटोंच्या कॉपीराइटची तक्रार. इथे बहिणीचा हात कामाला येतो. मूळ फाइल तुमच्याकडे आहे, त्यात तारीख आहे, त्याच बैठकीत काढलेले आणि कुठेच न छापलेले आणखी फोटोही असतील. फोटो आमचेच हे यापेक्षा स्पष्ट कसं दाखवणार? माझ्या अनुभवात सगळ्यात लवकर हलतं ते हेच दार, कारण ‘नाव कोणाचं’ हा वाद किचकट असतो आणि ‘हा फोटो कोणाचा’ हा सोपा. दुसरं, त्या डॉट शॉपच्या रजिस्ट्रारकडे गैरवापराची तक्रार. लुकअपमध्ये त्यासाठीचा पत्ता दिलेला असतो. एप्रिल २०२४ पासून आयकॅनच्या करारानुसार फिशिंगसारख्या, म्हणजे खोटं रूप घेऊन लोकांची माहिती काढून घेण्यासारख्या, गैरवापराचा पुरेसा पुरावा मिळाला तर रजिस्ट्रारला हातावर हात ठेवून बसता येत नाही. म्हणून तक्रारीत ‘आमचं नाव चोरलं’ एवढंच लिहू नका. ‘आमच्या नावाने ग्राहकांची आणि त्यांच्या कार्डांची माहिती घेतली जाते, पैसे उकळले जातात’ असं लिहा, पावती जोडा. तिसरं, पोलिसांची सायबर शाखा आणि त्या गृहस्थांची बँक. बँकेकडे त्यांनी स्वतःच जायला हवं आणि लवकर जायला हवं. पैसे परत मिळायची शक्यता दिवसागणिक कमी होते.

आणि तुमच्या स्वतःच्या साइटवर वरच ठळक लिहा: आमचा पत्ता हा एकच, दुसरीकडे पैसे भरू नका. बदनामी होईल म्हणून हे लपवणारे व्यावसायिक मी पाहिले आहेत. फसलेल्या ग्राहकाला राग चोराचा येतो तितकाच, माहीत असून गप्प बसलेल्याचाही येतो.

वकील करावा का, हे तुम्ही विचारलंत. साइट बंद पाडण्यासाठी बहुधा लागणार नाही. पण साइट बंद झाली तरी ते डॅशवालं नाव त्या माणसाकडेच राहतं, आणि उद्या तो दुसऱ्या सर्व्हरवर तेच दुकान मांडू शकतो. नावच काढून घ्यायचं असेल तर त्यासाठी एक रीत आहे, यूडीआरपी. आयकॅनने ती १९९९ मध्ये लागू केली. हे कोर्ट नाही. जिनिव्हाच्या वायपोसारख्या, म्हणजे जागतिक बौद्धिक संपदा संघटनेसारख्या, मान्यताप्राप्त संस्थेकडे लेखी तक्रार जाते, नेमलेला तज्ज्ञ कागद वाचून निकाल देतो, आणि साधारण दोन महिन्यांत काम संपतं. वायपोकडे एक ते पाच डोमेनसाठी एका तज्ज्ञापुढे शुल्क १,५०० डॉलर आहे, वकिलाचे वेगळे.

तिथे तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात. ते डोमेन तुमच्या ट्रेडमार्कशी तंतोतंत किंवा गोंधळ व्हावा इतकं जुळतं. समोरच्याचा त्या नावावर काही हक्क किंवा प्रामाणिक संबंध नाही. आणि त्याने ते वाईट हेतूने घेतलंही आहे आणि वाईट हेतूने वापरतोही आहे. तिन्ही लागतात, दोनावर भागत नाही. या रीतीखालचा पहिलाच निकाल जानेवारी २००० मध्ये लागला. कुस्तीचे सामने भरवणाऱ्या वर्ल्ड रेसलिंग फेडरेशनचं नाव एकाने डोमेन म्हणून नोंदवलं आणि तीनच दिवसांत हजार डॉलरना त्यांनाच देऊ केलं. ते त्याच्याकडून काढून घेतलं गेलं. तुमच्या प्रकरणात वाईट हेतू शोधत बसावं लागणार नाही, पावतीच बोलते. पण निकालाने फक्त नाव मिळतं किंवा रद्द होतं. नुकसानभरपाई तिथे नाही.

पहिली गोष्ट मात्र तुमच्याकडे आहे का? तुम्ही ट्रेडमार्क नोंदवल्याचं पत्रात कुठे नाही. नोंदणी नसली तरी दार अगदी बंद नाही. सहा वर्षांची बिलं, जाहिराती, ग्राहकांची पत्रं, कुठे छापून आलं असेल तर ते, अशा कागदांवरून या नावाने लोक तुम्हालाच ओळखतात हे दाखवता येतं. पण ते दाखवायला फाइली लागतात आणि नोंदणी असेल तर एक प्रमाणपत्र पुरतं. डोमेन घेतलं म्हणजे नावावर हक्क आला, हा गैरसमज मला फार वेळा भेटतो. डोमेन म्हणजे पत्ता. ब्रँडवरचा हक्क ट्रेडमार्कमधून आणि वापरातून येतो, आणि ट्रेडमार्क देशागणिक वेगळा नोंदवावा लागतो. जिथे तुम्ही खरोखर विकता तिथे तरी नोंदवा. वकिलाचे पैसे खर्च करायचेच असतील तर माझ्या मते आधी इथे करा.

एक सावधगिरीही सांगते, कारण राग आलेला माणूस कधी कधी भलत्या दारात जाऊन भांडतो. उद्या तुम्हाला तुमच्यासारखंच नाव आणखी कुठे दिसलं, तर तो चोरच असेल असं धरून चालू नका. उझी निसान नावाच्या गृहस्थांनी १९९४ मध्ये आपल्या कॉम्प्युटरच्या व्यवसायासाठी निसान डॉट कॉम घेतलं. निसान हे त्यांचं आडनाव. मोटारीच्या कंपनीने १९९९ मध्ये त्यांच्यावर दावा लावला. खटला वर्षानुवर्षं चालला. त्या पानावर मोटारींच्या जाहिराती दाखवणं कोर्टाला मान्य झालं नाही, पण नाव त्यांच्याकडेच राहिलं. एवढी बलाढ्य कंपनी, पण समोरच्याचा संबंध खरा होता. यूडीआरपीतही प्रामाणिक माणसाचं नाव हिसकावण्यासाठी तक्रार केली आहे असं दिसलं, तर तज्ज्ञ निकालपत्रात तसं स्पष्ट लिहितो, आणि हे निकाल सगळ्यांना वाचता येतात.

तुमचं प्रकरण तसं नाही, निश्चिंत राहा.

ते सात दिवसांचं ईमेल जुन्या साच्यातलं आहे. ‘दुसरी कंपनी’ बहुधा कुठेच नसते. घाबरवून तुम्हाला नको असलेली डोमेन चढ्या भावात गळ्यात मारायची, एवढाच त्याचा उद्योग. कुठलाही खरा रजिस्ट्रार आलेला अर्ज थांबवून आधी तुमची परवानगी विचारत बसत नाही. पुसून टाका.

आता सगळी डोमेन घेण्याचा प्रश्न. त्याला अंतच नाही. २०१२ मध्ये आयकॅनने नवी एक्स्टेंशन, म्हणजे डॉट कॉमसारखी नावाच्या शेवटची शेपटं, मागवली तेव्हा १,९३० अर्ज आले, प्रत्येकी १,८५,००० डॉलर शुल्क भरून. त्यातून हजारावर नवी एक्स्टेंशन आली, तुमच्या चोराचं डॉट शॉपही त्यातलंच. ब्रँडला नावं ठेवायला सोयीचं असं डॉट सक्स नावाचं एक्स्टेंशनही आलं. २०१५ मध्ये सुरुवातीच्या राखीव मुदतीत ट्रेडमार्कवाल्यांना ते जवळपास अडीच हजार डॉलरना विकत होते, म्हणजे आपल्याच नावाची निंदा दुसऱ्याने करू नये म्हणून पैसे भरायचे. मोठमोठ्या कंपन्याही सगळी एक्स्टेंशन घेत नाहीत, तुम्ही तर त्या वाटेला जाऊच नका. हजारात तुमचं नाव, त्यात डॅशचं वेगळं, एका अक्षराच्या चुकीचं वेगळं, हा गुणाकार दर वर्षी भरायचा असतो हे विसरू नका.

मग घ्यायचं काय? ग्राहकाच्या बोटांकडे बघा. तुमच्या ब्रँडचं नाव मी इथे मुद्दामच लिहीत नाही, पण ते मराठी आहे आणि त्यात एक दीर्घ आकार आहे. रोमन लिपीत तो कुणी एका ए ने लिहील, कुणी दोन ए लावेल. तुमच्या नावात व आहे, त्याला कुणी व्ही लिहितं, कुणी डब्ल्यू. मराठी नावांच्या ब्रँडना ही अडचण इंग्रजी नावांपेक्षा जास्त असते, कारण आपल्या शब्दांची रोमन स्पेलिंग कुणी ठरवून दिलेली नाहीत. एक प्रयोग करा. घरातल्या, ओळखीतल्या दहा जणांना ब्रँडचं नाव फोनवर फक्त ऐकवा आणि रोमनमध्ये लिहून पाठवायला सांगा. वयाने मोठे आणि लहान, दोन्ही घ्या. जी दोन-तीन स्पेलिंग पुन्हा पुन्हा येतील तेवढ्यांची डॉट कॉम घ्या. डॅशवालं डॉट कॉम घ्या. तुम्ही ज्या देशात सर्वाधिक विकता त्या देशाचं एक्स्टेंशन घ्या. माझ्या अंदाजाने पाच-सहा नावांत तुमचं काम भागेल. ही सगळी मुख्य पत्त्याकडे कायमची वळवून ठेवा. त्यांच्यावर वेगळी पानं मांडू नका.

या जास्तीच्या नावांवर ईमेलचं एक छोटं काम उरतं आणि ते हमखास राहून जातं. ‘या डोमेनवरून एकही मेल जात नाही’ अशी नोंद त्यांच्या सेटिंगमध्ये करता येते. त्या मुलाला एसपीएफ आणि डीमार्क एवढे दोन शब्द सांगा, त्याला कळेल. नाहीतर तुम्ही संरक्षणासाठी घेतलेल्या नावाचा वापर करूनच कुणीतरी तुमच्या ग्राहकांना खोटी बिलं पाठवील. नावातली चूक किती महाग पडते याचं उदाहरण २०११ चं आहे. दोन संशोधकांनी मोठ्या कंपन्यांच्या पत्त्यातलं एक टिंब गाळून तशी डोमेन नोंदवली आणि फक्त वाट पाहिली. सहा महिन्यांत त्यांच्याकडे चुकून आलेली १,२०,००० ईमेल जमा झाली.

आकर्षक एक्स्टेंशनचा मोह पडला तर ते कोणाचं आहे ते आधी बघा. दोन अक्षरी एक्स्टेंशन म्हणजे कुठला तरी देश किंवा प्रदेश असतो. डॉट को कोलंबियाचं, डॉट एआय अँग्विला बेटाचं. त्यांचे नियम तिथे ठरतात. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर २०२१ च्या सुरुवातीला तिथल्या हजारो लोकांचा डॉट ईयू नावांवरचा हक्क गेला, त्यांनी काहीही चूक केलेली नसताना. आणि ग्राहकाची सवय ही वेगळीच गोष्ट. अमेरिकेतल्या ओव्हरस्टॉक या कंपनीने २०११ मध्ये स्वतःला ओ डॉट को म्हणवून घ्यायला सुरुवात केली, जाहिरातींवर मोठा खर्च केला. लोक सवयीने ओ डॉट कॉम टाइप करत राहिले आणि कंपनी पुन्हा जुन्या नावाकडे वळली.

यातून विक्रीचा जो भाग येतो तो मला तुमच्या दृष्टीने संरक्षणाइतकाच मोलाचा वाटतो. तुमचं नाव एकच, पत्ता एकच, आणि तो सगळीकडे सारखा दिसला पाहिजे: खोक्यावर, खेळण्याच्या तळाशी, बिलावर, ईमेलच्या शेवटी. ऑर्डरची उत्तरं तुम्ही कोणत्या ईमेलवरून देता? फुकटच्या खात्यावरून देत असाल तर आजच थांबवा. ग्राहकाला ‘आमचं पत्र नेहमी याच नावावरून येतं’ हे डोळ्याने माहीत असेल, तर भलत्या नावावरून आलेलं पत्र त्याला खटकेल. तुम्ही स्वतःच आज या नावावरून, उद्या त्या नावावरून लिहिलंत तर खरं-खोटं ओळखायची त्याला सवय कशी लागणार? याच कारणाने सणासुदीच्या योजनेसाठी, नव्या खेळण्यासाठी वेगळं डोमेन घेऊ नका. मुख्य पत्त्याच्याच पोटात पान करा. योजना संपते, डोमेनचं नूतनीकरण राहतं, आणि तुम्ही छापलेल्या पत्रकावरचा तो पत्ता दुसऱ्याच्या हाती जातो.

‘लाकडी’ आणि ‘खेळणी’ हे शब्द डोमेनमध्येच घातले तर शोधात वर येऊ, असंही तुम्हाला कुणी सांगेल. एके काळी ते चालायचं. २०१२ च्या सप्टेंबरमध्ये गूगलने मुद्दाम बदल करून नुसत्या नावाच्या जोरावर वर येणाऱ्या सुमार साइट्स खाली ढकलल्या. शिवाय अशा वर्णनाच्या नावाला ट्रेडमार्कचं संरक्षणही दुबळं मिळतं, कारण लाकडी खेळणी विकणाऱ्या प्रत्येकाला ते शब्द वापरायचा हक्क आहे. तुमचं सध्याचं नाव वेगळं आहे, लक्षात राहतं. फेसबुकने २००५ मध्ये आपल्या नावापुढचा ‘द’ काढण्यासाठी, म्हणजे फेसबुक डॉट कॉम मिळवण्यासाठी, दोन लाख डॉलर मोजले होते. टेस्लाने टेस्ला मोटर्स डॉट कॉमवरच मोटारी विकल्या आणि टेस्ला डॉट कॉम २०१६ मध्ये हाती आलं. साधं, आपलं, पूर्ण नाव डॉट कॉममध्ये तुमच्याकडे पहिल्या दिवसापासून आहे. फक्त ते तुमच्या नावावर करून घ्या.

एक फोन मात्र या सगळ्याआधी करा. त्या गृहस्थांना परत लावा. बँकेत गेलात का विचारा, नाही गेले तर आत्ता जा म्हणा. जमत असेल तर नातीसाठी एक घोडा तुमच्याकडून पाठवा, तुमची चूक नसली तरी. आणि त्यांना शांतपणे विचारा की त्या साइटवर ते पोचले कसे. शोधताना वर आली असेल तर शोधयंत्राकडे फसवणुकीची तक्रार करा. जाहिरात दिसली असेल तर ती जिथे दिसली तिथे जाहिरातीचीच तक्रार करा, कारण पैसे भरून तो तशी आणखी माणसं ओढत असणार. कुणी मेसेज पुढे पाठवला असेल तर तो मागत मागत मुळापर्यंत जा. आणि ते म्हणाले की नाव कुणाकडून ऐकलं होतं, मीच टाइप केलं, तर त्यांनी नेमकी कोणती अक्षरं टाइप केली ती लिहून घ्या. घ्यायच्या पाच-सहा नावांच्या यादीत ते स्पेलिंग पहिलं येईल.